फॉर्मवर सही माझी होती

आज गटाच्या हप्त्याचं आणि बँकेच्या खात्याचं बोलणार नाही, ते पुढच्या वेळी.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वसुली झाली, सह्या झाल्या, चहा यायचा होता. तेवढ्यात एका सदस्याची लेक, नुकतीच बारावी झालेली, मला म्हणाली, "मॅडम, तुम्हाला परत अठरा वर्षांचं केलं तर तुम्ही काय वेगळं कराल?" सगळ्या हसल्या. एक म्हणाली, लग्नच करणार नाही. दुसरी म्हणाली, लग्न करीन पण सासू बघून करीन. माझी मोठी जाऊ त्याच गटात आहे. ती काही बोलली नाही, माझ्याकडं बघत बसली. तिनं का बघितलं ते मला कळलं. त्यावरच आज बोलणार आहे. तिला विचारलंय. ती म्हणाली, सांग, फक्त माझं नाव घेऊ नको.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. माझं लग्न झालं तेव्हा अठरा पूर्ण व्हायला चार महिने कमी होते. मी दहावी पास होते, पुढं शिकायचं होतं. पण आई-बाप दिवाळी झाली की ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं जायचे. वयात आलेली पोर सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? आणि तुम्हाला माहीतच आहे, एकट्या पोराचा अर्धा कोयता, जोडीचा पूर्ण कोयता. मुकादमाची उचल जोडीला मिळते. म्हणून आपल्याकडं उन्हाळ्यात लग्नं उरकतात आणि दिवाळीनंतर नवी जोडी फडात उभी असते. सरकारच्या 2019 ते 21 च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या विशीतल्या बायांमध्ये शंभरात चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यातलीच मी एक. बरीच वर्षं मी स्वतःला दोष दिला, की मी हट्ट का केला नाही, जेवण का सोडलं नाही. आता देत नाही. ते मला कुणी विचारलंच नव्हतं.

पण पुढच्या दोन गोष्टी माझ्या हातात होत्या.

पहिली लहान आहे. पहिल्या हंगामाला गेलो तेव्हा मालकांनी उचल किती घेतली ते मी विचारलं नाही. आमच्या टोळीत दहावी झालेली बाई मी एकटी. पहाटे चारला फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, कोपीवर येऊन भाकरी थापायच्या. दिवसाला दीड-दोन टन ऊस आम्ही दोघं तोडायचो. वजन मुकादमाच्या वहीत, खाडे मुकादमाच्या वहीत. पाडव्यानंतर हिशोब झाला तर उचल फिटलीच नव्हती, उलट बाकी निघाली. मला लिहिता-वाचता येत होतं आणि सहा महिन्यांत मी एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्या वर्षी एक वही घेतली. रोज रात्री चिमणीच्या उजेडात लिहायची, किती खेपा गेल्या, खाडा कुठल्या दिवशी आणि का. हिशोबाला वही काढली तर मुकादम हसला, पण चार खाडे कमी केले. तेवढंच. आज गटाचं लिखाण करते, त्याची सुरुवात त्या वहीतून झाली म्हणा.

दुसरी गोष्ट जावेची.

2011 साल. ती सव्वीस वर्षांची, मी तेवीसची. तिला दोन लेकरं, नसबंदी झालेली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. फडात मोरी नाही, पाणी नाही, पाळीत कापड धुवायला आडोसा नाही, मग हे दुखणं कुणाला नसतं? पावसाळ्यात आम्ही गावी होतो. गावातल्या एका बाईनं दवाखाना सांगितला, तिचंही तिथंच झालं होतं. मी शिकलेली म्हणून मला बरोबर नेलं. तिथं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल, लेकरं झालीत ना, मग काढून टाका. जाऊ माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "तू सांग, तुला कळतं."

मला काही कळत नव्हतं. पण कळत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणाले, "काढून टाका वहिनी, दर महिन्याची कटकट जाईल. फडात खाडा तरी पडणार नाही." हे शब्द माझे आहेत. मग फॉर्म आला. इंग्रजीत होता. मी त्याच्यावरून बोट फिरवलं, वाचल्यासारखं केलं आणि नातेवाईक म्हणून खाली सही केली. तिनं अंगठा दिला.

तीस हजार लागले. मुकादमाकडून उचलले, ते फेडायला दोन हंगाम गेले. ऑपरेशननंतर किती महिने जड उचलायचं नाही, हे आम्ही विचारलंही नाही. दिवाळीनंतर ती मोळी डोक्यावर घेऊन शिडी चढत होती.

तिशीच्या आतच तिला अंगातून वाफा यायला लागल्या, रात्री झोप नाही, हाडं दुखायची, चिडचिड. सासूबाई म्हणायच्या, कामचुकार झाली. पुढं मी तिला अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई डॉक्टरांनी विचारलं, नुसती पिशवी काढली का अंडाशयही काढलं? कागद कुठायत? कागद आमच्याकडं नव्हते. आम्ही मागितलेच नव्हते. तपासून त्या म्हणाल्या, अंडाशयही गेलेलं दिसतंय. अंडाशय गेलं की पंचेचाळीस-पन्नासला जे व्हायचं ते लगेच होतं, हाडं लवकर ठिसूळ होतात. आणि पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधगोळ्यांनी बरं होतं, हेही त्यांनीच सांगितलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. जावेनंच मला पाणी आणून दिलं.

अंबाजोगाई आमच्यापासून एसटीनं तासा-दीड तासावर. 2011 लाही ते तिथंच होतं. दिवाळीला तीन महिने होते. मग घाई कुणाला होती? टोळी निघायच्या आत उरकायचं, एवढीच घाई, आणि ती आमची आम्हीच लावून घेतली होती.

2019 साली हा विषय पेपरात आला तेव्हा मला वाटलं, आपलंच घर पेपरात आलंय. सरकारनं नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली. जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायांची माहिती घेतली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक. आपल्या गटात दहा-बारा जणी असतात, मोजून बघा. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्याला पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, असा नियम आला. हा नियम आपण माहीत करून घ्यायचा आणि दवाखान्यात विचारायचा, घेतली का परवानगी म्हणून.

काही जणींना ते ऑपरेशन खरोखर लागतं. गाठी असतात, रक्त थांबत नाही, कॅन्सर निघतो. ऑपरेशन करूच नका असं मी म्हणत नाही. पण आज मी तेवीसची असते आणि जाऊ तशीच बघत असती, तर मी म्हणाले असते, "वहिनी, मला कळत नाही. आधी गोळ्या घेऊ, दुसरीकडं दाखवू." डॉक्टरांना विचारलं असतं की अंडाशय ठेवणार का काढणार, आणि नाही काढलं तर काय होईल. फॉर्म मराठीत समजावून मागितला असता. सोनोग्राफीचा कागद, डिस्चार्जचा कागद घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवला असता. एवढंच. त्याला काही बी.ए. लागत नव्हतं.

बी.ए. मी नंतर केलं. माझी बारावी झालेली नव्हती. तेव्हा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला जाता यायचं. रविवारी केंद्रावर जायचे, लेकरू जावेकडं ठेवून. हो, तिच्याकडंच. आता शाळा सुटलेल्या पोरींनी सतरा नंबरच्या फॉर्मची चौकशी करावी, घरी राहून दहावी-बारावीला बसता येतं. जवळच्या शाळेत, ज्युनिअर कॉलेजात विचारा, आणि मुदतीच्या आत विचारा.

त्या पोरीला मी बैठकीत हे सगळं सांगितलं नाही. जाऊ समोर बसलेली. घरी जाताना वाटेत मी तिला म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं तेव्हा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. ती चालत राहिली. मग म्हणाली, "तू नाही म्हणली असतीस तरी यांनी केलंच असतं." हे खरं असेल, नसेलही. माझं समाधान करायला म्हणाली असेल. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "त्या पोरीला उद्या आणखी कुणी असं विचारलं, तर तिला माहीत पाहिजे. रेडिओवर सांग."

म्हणून सांगितलं. दिवाळीच्या आत टोळ्या निघतील. ज्यांना अंगावर जायचा, कमरेचा त्रास आहे त्यांनी पुढच्या बैठकीला आपले जुने कागद, असतील तेवढे, घेऊन या. आपण बघू आणि उपजिल्हा रुग्णालयात सोबत जाऊ. जाऊ पण येणार आहे, तिच्या हाडांची तपासणी राहिलीय.