झाकण फिरवणाऱ्या मुलाशी कसे खेळावे

(वर्धापनदिनानिमित्त विहारात झालेल्या माता-पालक मेळाव्यातील भाषण)



अध्यक्षांनी मला विषय दिला, 'विशेष मुले आणि पालकांचे कर्तव्य'. कर्तव्य म्हटले की आयांच्या पोटात गोळा येतो. म्हणून मी विषय थोडा बदलून घेते आणि खेळाबद्दल बोलते. मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते, तेव्हा रोजच्या कामातलेच सांगेन.

आपल्या वस्तीत अशी मुले आहेत, आपण सगळे ओळखतो. तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. खेळण्यातली गाडी चालवत नाही, उलटी करून नुसते चाक फिरवते. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून ओरडते. यातल्या काही मुलांना ऑटिझम असतो, मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. काहींचे फक्त बोलणे उशिरा येते, काहींची समज वयाच्या मानाने मागे असते. कोणाला काय आहे ते तपासणी करून डॉक्टर ठरवतील. मूल बोलत नसेल तर कान तपासून घ्याच. पण "याचा बाप पण पाचव्या वर्षी बोलला" असे म्हणत दोन वर्षे घालवू नका. तीच वर्षे मोलाची असतात.

आता दोषाचे बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत या मुलांचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. पुढे तिथे मोठमोठे विद्वान म्हणू लागले की आई मायेने थंड असते म्हणून मूल असे होते. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर याच मताचे आख्खे पुस्तक काढले. विचार करा, किती आया रडल्या असतील. हे मत खोडून काढायला पुढे आले ते बर्नार्ड रिमलँड. ते मानसशास्त्रज्ञ होते, पण त्यांचा स्वतःचा मुलगाही असाच होता. आज हे पक्के झाले आहे की याचे मूळ बाळाच्या मेंदूच्या वाढीत असते आणि त्यात अनुवंशाचा वाटा मोठा असतो. आईच्या वागण्याने हे होत नाही. आपल्याकडे मात्र तेच मत वेगळ्या तोंडाने चालू आहे. ग्रहणात भाजी चिरली, कामाला जाते, पोराकडे बघत नाही, बाहेरची बाधा आहे. विहारात बसून तरी असे कोणी बोलू नये.

मग कोणी विचारेल, बाई, आईचा दोष नाही तर उपचारात आईला कशाला ओढता? साधा हिशेब आहे. आठवड्याचे तास १६८. त्यातला एखादा तास मूल थेरपीला जाते. बाकीचे कोणाजवळ असते?

अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ स्टॅनले ग्रीनस्पॅन आणि सेरेना वीडर यांनी खेळातून उपचाराची एक पद्धत बसवली. तिचे नाव फ्लोअरटाइम, म्हणजे जमिनीवरचा वेळ. मोठ्याने खाली, मुलाच्या उंचीला बसायचे आणि मूल जे करते त्यात आपण शिरायचे. आपल्या घरात खुर्च्या आहेतच किती? तेव्हा अर्धे काम आधीच झालेले आहे.

समजा मूल डब्याचे झाकण फिरवत बसले आहे. आपण काय करतो? झाकण काढून घेतो, चित्रांचे पुस्तक पुढे धरतो. "हे काय? कावळा. म्हण, कावळा." मूल तोंड फिरवते. आता असे करून बघा. झाकण राहू द्या. त्याच्यासमोर बसा, शेजारी नको, समोर. दुसरे झाकण घ्या आणि तुम्हीही फिरवा. काही बोलू नका. तो एकदा तुमच्या झाकणाकडे बघेल. मग म्हणा, "फिरलं". पडले की म्हणा, "पडलं". एवढेच, लांब वाक्य नको, प्रश्न तर नकोच. थोड्या वेळाने फिरणाऱ्या झाकणावर हळूच हात ठेवा आणि थांबा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. हे थांबणे फार अवघड जाते बरं का, आपल्याला लगेच बोलायची सवय. तो तुमचा हात ढकलेल, किंवा "अं" करेल, किंवा नुसते तुमच्या तोंडाकडे बघेल. ते त्याचे बोलणे आहे. लगेच "फिरव!" म्हणून सोडा. एक देवाणघेवाण झाली. आज दोन होतील, महिन्याने कदाचित दहा. मूल रडून उठून गेले तर जाऊ द्या, मागे धावू नका. झाकण आवडत नसेल तर चादरीचा झोका, बादलीतले पाणी, पोळीच्या कणकेचा गोळा. महागडी खेळणी लागत नाहीत.

हे माझ्या मनचे नाही. इंग्लंडमध्ये १५२ लहान मुलांवर अशा एका पद्धतीचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. पालकांनी मुलाशी खेळायचे, त्याची व्हिडिओ फिल्म घ्यायची, मग थेरपिस्टबरोबर बसून ती बघायची आणि कुठे जमले ते शोधायचे. घरी रोज वीस-तीस मिनिटे सराव. तीच पद्धत आपल्याकडच्या घरांना जमेल अशी करून गोव्यात 'संगथ' या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीत वापरून पाहिली. एकूण ६५ मुले होती. शिकवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते होते. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. पालक मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुले आपणहून पालकांशी संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकाच गोष्टीत मिळून रमण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी भरला. तेही त्यांनी लपवले नाही, म्हणून मला त्यांच्यावर विश्वास वाटतो.

मोबाईल आपल्याकडे आहेच. तो मुलाच्या हातात देण्याऐवजी बापाने हातात धरावा आणि दहा मिनिटे खेळ टिपावा. रात्री दोघांनी मिळून बघावे. मुलाने कितीदा आपल्याकडे पाहिले, ते खेळताना कळत नाही, फिल्ममध्ये दिसते.

याने मूल बरे होते का, असे मला रोज विचारतात. हा ताप-खोकला नव्हे. मूल आपल्या परीने पुढे जाते, कोणी जास्त, कोणी कमी. बरे करण्याची हमी देणाऱ्याच्या दारात जाऊ नका. स्टेम सेलच्या इंजेक्शनासाठी लोक दागिने मोडतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितले आहे की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही.

आता पुरुषमंडळींना एक सांगायचे आहे. आई चार घरची कामे करून येते, पाणी भरते, स्वयंपाक करते, आणि वर तिनेच अर्धा तास खेळायचे? 'पालक' म्हटले की सगळे बोट आईकडे दाखवतात. दहा मिनिटे बापाने घ्यावीत, दहा आजीने, दहा मोठ्या बहिणीने. तिलाही शिकवा, मुले मुलांकडून लवकर घेतात. आंघोळ घालताना, कपडे चढवताना तेच थांबणे, तेच एक-एक शब्द चालतात.

कागदपत्रांचेही बघा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. प्रमाणपत्र काढून घ्या, लाजू नका. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. सरकारी दवाखान्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा.

शेवटी समितीला एक विनंती आहे. या मुलांच्या आया वंदनेला येत नाहीत, कारण मूल मध्येच ओरडते आणि सगळे मागे वळून बघतात. दर रविवारी मागच्या कोपऱ्यात एक सतरंजी त्यांच्यासाठी टाकावी. मूल ओरडले तर ओरडू द्यावे.

आज मी त्या कोपऱ्यात बसणार आहे. घरून सहा झाकणे आणि एक जुनी चादर आणली आहे. ज्यांना बघायचे असेल त्यांनी मुलाला घेऊन या, आणि बापाला पण आणा. जयभीम.