स्फटिकांच्या फिती



साखरेच्या दाट पाकांत दोरा सोडून ठेवला, म्हणजे कांहीं दिवसांनीं त्यावर खडीसाखरेचे खडे धरतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्या खड्यांच्या सपाट बाजू कोणी तासलेल्या नसतात. सर्व बाजूंवर साखरेची भर सारख्या वेगानें पडत नाहीं, म्हणून खड्यास तो घाट येतो. एवढी गोष्ट ध्यानांत ठेवून आपण एका सूक्ष्म कारागिरीकडे वळूं.

सन 2001 मध्यें अमेरिकेंतील अटलांटा येथें, जॉर्जिया टेक या संस्थेंत, झोंग लिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जस्ताच्या ऑक्साइडची पूड नळीच्या भट्टींत सुमारें 1400 अंश सेल्सिअसपर्यंत तापविली. खाजेवरील कॅलामाईन औषधांत असते तीच ही पूड. तिची वाफ आर्गॉन वायूबरोबर नळीच्या कमी तापलेल्या भागाकडे गेली व तेथील पट्टीवर घनरूपानें जमली. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, तों फितींचा गुंता! रुंदी 30 ते 300 नॅनोमीटर, जाडी रुंदीच्या पांचव्या ते दहाव्या हिश्शाइतकी, आणि लांबी मात्र कांहीं मिलिमीटरपर्यंत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग होय.

इतकी बारीक फीत कापणारें हत्यार कोणतें? हत्यार नाहींच. स्फटिक एका दिशेनें भरभर, दुसरीनें बेतानें व तिसरीनें अगदीं सावकाश वाढला, म्हणजे फीत होते. उष्णता, वायूचा दाब, भट्टीच्या मध्यापासूनचें अंतर, एवढेंच कारागिराच्या हातीं असतें.

याहून जुनी रीत सन 1964 मधील. बेल प्रयोगशाळेंत वॅग्नर व एलिस यांनीं सोन्याच्या सूक्ष्म थेंबांखालीं सिलिकॉनचे तंतु वाढविले. थेंब वाफेंतील द्रव्य शोषून घेतो व खालीं स्फटिक सोडीत जातो; तंतूची जाडी थेंबावरून ठरते. रीत उत्तम, परंतु सोन्याचा अंश स्फटिकांत शिरण्याची भीति राहते. फितींना असा परका थेंब लागला नाहीं.

या शुद्धतेचा उपयोग काय? बंद खोलींत शेगडी धुमसत असतां कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. माणूस झोपेंतच दगावतो. सन 2002 मध्यें कथलाच्या ऑक्साइडच्या फितींनीं हा वायु ओळखतां येतो असें दाखविण्यांत आलें. वायूचे कण पृष्ठभागास भिडले, कीं फितींतील वीजप्रवाह बदलतो. आणि फीत पातळ असल्यानें तो बदल ठळक होतो. मात्र भट्टींतून निघतो तो गुंताच. सारख्या मापाची फीत नेमक्या जागीं वाढविणें, हें यांतील खरें अवघड काम आहे.