राजदूताच्या दृष्टीतून अस्थिर संसद

परक्या देशाच्या संसदेत बहुमत जुळेनासे झाले, म्हणजे तेथील राजदूताची कसोटी लागते. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. यजमान देशातील परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घेऊन ती स्वदेशास कळविणे, ही एक. आणि त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे, ही दुसरी.

या दृष्टीने बेल्जियमचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे १३ जून २०१० रोजी निवडणूक झाली. दीडशे जागांच्या प्रतिनिधिगृहात सर्वांत मोठ्या पक्षाला अवघ्या २७ जागा मिळाल्या, दुसऱ्याला २६. पहिला डच भाषकांचा, तर दुसरा फ्रेंच भाषकांचा. ब्रुसेल्सभोवतालच्या मतदारसंघाचे विभाजन आणि प्रांतांचे अधिकार या प्रश्नांवर एकमत होईना. राजे दुसरे आल्बर्ट यांनी एकामागून एक मध्यस्थ नेमले. तरीही नवे सरकार येण्यास ५४१ दिवस लागले.

अशा वेळी 'देश मोडकळीस आला' असा अहवाल धाडणे सोपे असते. परंतु सरकार अस्थिर असणे आणि राज्ययंत्रणा अस्थिर असणे, या भिन्न गोष्टी होत. इव्ह लेटर्म यांच्या काळजीवाहू मंत्रिमंडळाच्या काळातच, २०१० च्या उत्तरार्धात, बेल्जियमने युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. मार्च २०११ मध्ये लिबियातील लष्करी मोहिमेस संसदेने जवळजवळ एकमुखाने मान्यता दिली. शिक्षणासारखे विषय भाषिक समाजांच्या स्वतंत्र सरकारांकडे असल्याने शाळाही चालू राहिल्या. अँटवर्पच्या हिरेबाजाराशी मुंबई-सुरतेच्या व्यापाऱ्यांचा निकट संबंध आहे. तेव्हा हा भेद ओळखणे भारतीय वकिलातीच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

याचा अर्थ अनिश्चिततेची किंमत मोजावी लागत नाही, असा मात्र नव्हे. काळजीवाहू सरकार दैनंदिन कारभार चालवू शकते. दूरगामी सुधारणा त्याच्या आवाक्याबाहेर असतात. २५ नोव्हेंबर २०११ रोजी एका आंतरराष्ट्रीय पतमापन संस्थेने बेल्जियमची पत एका पायरीने खाली आणली. दुसऱ्याच दिवशी वाटाघाटीतील पक्षांचा अर्थसंकल्पावर समझोता झाला आणि ६ डिसेंबर रोजी एलिओ डी रूपो यांचे सहा पक्षांचे सरकार अधिकारारूढ झाले. सर्वाधिक जागा मिळविणारा पक्ष त्यात नव्हता.

म्हणून जाणता राजदूत केवळ सभागृहातील डोकी मोजत नाही. कोणते निर्णय होत आहेत, कोणते खोळंबले आहेत आणि लोकांचा संविधानावरील विश्वास अढळ आहे की नाही, याचा तो शोध घेतो. सरकार पडल्याची वार्ता वृत्तपत्रेही देतात. राज्य उभे आहे की नाही, हे सांगणे राजदूताचे कर्तव्य होय.