स्कॅनवरची काळी रेघ: सेन्सर गेलाय की काच मळलीये?

आजचा भाग छोटा आहे आणि माझ्याच एका चुकीबद्दल आहे.

सुट्टीत मी मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. मागच्या वर्षी स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी एक मुलगी धावत आली. तिचा फॉर्म परत आला होता. उत्पन्नाच्या दाखल्यावर वरून खालपर्यंत काळी रेघ, आणि नंबरचा एक आकडा नेमका त्या रेघेखाली. स्कॅन मीच करून दिला होता. न बघता. मुदत रात्री बारापर्यंत, आणि घड्याळात सात वाजलेले.

मी मशीन बंद-चालू केलं, ड्रायव्हर नव्याने टाकला. रेघ तशीच. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "सेन्सर गेला असेल, उद्या बघतो." मला घामच फुटला.

तेवढ्यात मामा आला. म्हणाला, "वरून कागद घालू नकोस. झाकण उघड, काचेवर ठेव." ठेवला, आणि रेघ गायब!

असं का झालं? मोठ्या काचेवर कागद स्थिर असतो आणि खाली सेन्सर सरकतो. तिथे काचेवर कण असला तर स्कॅनमध्ये फक्त एक ठिपका येतो. वरच्या फीडरमध्ये उलटं असतं. सेन्सर एका जागी थांबतो आणि कागद त्याच्यावरून सरकतो. सेन्सरवर मोठ्या काचेच्या कडेला बोटाएवढी अरुंद काचेची पट्टी असते. तिच्यावर व्हाइटनरचा किंवा गोंदाचा मोहरीएवढा कण चिकटला, तरी तो पूर्ण पानभर रेघ ओढतो.

म्हणून आधी ही टेस्ट करा. तोच कागद दोन्हीकडून स्कॅन करा. रेघ फक्त फीडरमधून येत असेल, तर पट्टी मळलेली आहे. दोन्हीकडे आली, तर मेकॅनिकला बोलवा.

पुसायचं कसं? मशीन बंद करून प्लग काढा. चष्मा पुसायचं मऊ कापड किंचित ओलं करून पट्टीवरून फिरवा. हट्टी डाग असेल तर कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. काचेवर थेट काही फवारू नका, आत उतरतं. ब्लेडने खरवडू तर अजिबात नका, कारण ओरखडा पडला की रेघ कायमची. कोरडं झाल्यावरच चालू करा. आणि व्हाइटनर ओला असलेला किंवा पिन लावलेला कागद फीडरमध्ये घालू नका.

मुलीचा फॉर्म नऊ वाजता गेला. मी पैसे घेतले नाहीत, पण ती काही बोललीही नाही. ते जास्त लागलं.

आता स्कॅन झाला की मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवतो, नंबर झूम करतो आणि विचारतो, "वाचता येतंय ना?" दहा सेकंद लागतात. तुम्हीही फॉर्म अपलोड करण्याआधी एवढं कराच. भेटू पुढच्या भागात!