स्वस्त आवृत्ति, अखंड कादंबरी



थोर ग्रंथ सामान्य माणसाच्या घरीं पोहोंचले यांत कायद्याचाहि वांटा आहे. जर्मनींत १८६७ सालीं जुन्या लेखकांच्या ग्रंथांवरील हक्क संपले, आणि त्याच वर्षीं लाइपझिगच्या रेक्लाम या प्रकाशकानें महाकवि गटे याचें ‘फाउस्ट’ अल्प किंमतींत काढून आपली ग्रंथमाला सुरू केली. पुढें १९०६ सालीं लंडनच्या डेन्ट यांनीं शिलिंगास एक याप्रमाणें ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ आरंभिली. १९३५ सालीं पेंग्विननें पुस्तक सहा पेन्सांवर आणलें.

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनीं त्याचा ग्रंथ सर्वांचा होतो. हरिभाऊ आपटे १९१९ सालीं वारले. म्हणून त्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ आज कोणीहि छापूं शकतो.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. काटकसर कागदांत असावी, मजकुरांत नसावी. मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ असा शब्द दिसला, तर तें पुस्तक खालीं ठेवावें. यमूची कहाणी चार पानांतहि सांगतां येईल. पण माहेरच्या-सासरच्या बारीकसारीक गोष्टी ऐकतां ऐकतां आपण तिच्या घरचे होतों. म्हणूनच पुढें तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तें आपणांस साहवत नाहीं. संक्षेप करणाराची कात्री नेमकी त्याच गोष्टींवर चालते.

तेव्हां पुठ्ठा साधा चालेल, कागद जाडाभरडा चालेल. पण ग्रंथ अखंड आहे ना, तेवढें पाहून घ्या. आणि तो कुलपाच्या कपाटांत न ठेवतां घरांतल्या मुलामुलींच्या हातीं लागेल असा ठेवा.