भांग, गर्भ आणि पिलांचें वर्तन

महाशिवरात्रीस शंकराचा प्रसाद म्हणून भांग घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. जी वनस्पति देवाला चालते ती माणसाला काय बाधणार, असा सोपा तर्क त्यावरून केला जातो. आणि गरोदरपणांतील ओकाऱ्यांवर उतारा म्हणूनहि तिचें नांव कांहीं लोक सुचवितात. परंतु पोटांतल्या जिवाला ती मानवते काय? स्त्रियांवर असा प्रयोग करणें अधर्म होय. म्हणून शास्त्रज्ञांनीं हा प्रश्न उंदरांना विचारला.

भांग, गांजा व चरस हीं एकाच झाडाचीं रूपें. त्यांतील नशा आणणारें मुख्य द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, इस्रायलमध्यें राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी ह्यांनीं १९६४ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. हें द्रव्य चरबींत विरघळतें. त्यामुळें तें वार ओलांडून गर्भांत शिरतें आणि पुढें आईच्या दुधांतहि उतरतें. १९९२ सालीं मेशूलाम ह्यांच्या प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, मेंदू स्वतःच अशाच गुणाचा एक पदार्थ तयार करतो. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचें नांव ‘आनंदामाइड’ ठेवण्यांत आलें. गर्भाच्या मेंदूंत मज्जापेशी योग्य जागीं जाऊन एकमेकींशीं जोडल्या जातात, त्या कामीं अशा पदार्थांचे संकेत उपयोगी पडतात. ह्या नाजूक संभाषणांत भांगेनें तोंड घातलें, तर घोटाळा होणें अशक्य नाहीं.

इटलींतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहावा. गाभण माद्यांस गर्भाच्या १५ व्या दिवसापासून प्रसूतीनंतरच्या ९ व्या दिवसापर्यंत हें द्रव्य तोंडावाटे दिलें. उंदराचें पिलूं घरट्याबाहेर काढलें, कीं तें माणसास ऐकूं न येणाऱ्या उंच स्वरांत आईस हांक मारतें. ह्या माद्यांचीं १२ दिवसांचीं पिलें इतरांहून अधिक आक्रंदलीं. अधिक मात्रा मिळालेल्या माद्यांचीं पिलें वयांत येतांना सोबत्यांशीं कमी खेळलीं, आणि प्रौढपणीं अधिक भित्रीं निघालीं.

२०१९ सालीं सार्डिनियांतील कालियारी येथील संशोधकांनीं निराळी गोष्ट दाखविली. गर्भावस्थेंत हें द्रव्य मिळालेले नर त्याच द्रव्याच्या नव्या मात्रेस अधिक तीव्रतेनें बळी पडत. माद्यांत तसें आढळलें नाहीं. जन्मानंतर प्रेग्नेनोलोन नांवाचें औषध दिलें असतां मात्र हा दोष ओसरला. म्हणजे घडलेली हानि नेहमींच अटळ असते असें नाहीं.

अशा प्रयोगांत एक खांच आहे. द्रव्याच्या प्रभावाखालीं मादी कमी खाते. मग पिलांचा दोष भांगेचा कीं उपासमारीचा? म्हणून सावध संशोधक दुसऱ्या माद्यांस तेवढेंच मोजून अन्न देतात, आणि पिलें निर्व्यसनी दाईच्या कुशींत वाढवितात. एवढें करूनहि सर्व प्रयोगांचे निष्कर्ष जुळत नाहींत. मात्रा, देण्याची रीत व वेळ बदलली कीं फळहि बदलतें. शिवाय उंदराचें पिलूं फार अपक्व मेंदू घेऊन जन्मतें. माणसाच्या गर्भारपणाचे शेवटचे महिने त्याच्या बाबतींत जन्मानंतर येतात. म्हणून उंदरावरून माणसाचें भविष्य जसेंच्या तसें वर्तवितां येत नाहीं.

तथापि सावधगिरीस पूर्ण खात्रीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. अमेरिकेच्या सर्जन जनरलनीं २०१९ सालीं बजावलें कीं, गरोदरपणांत ह्या वनस्पतीची कोणतीहि मात्रा निर्धोक असल्याचें ज्ञात नाहीं. नशा आईची कांहीं तासांत उतरते. पिलांत तिची खूण मात्र खेळावयाच्या वयांतहि दिसून आली, हें त्या मुक्या उंदरांचें सांगणें आहे; आणि गर्भवतीच्या घरच्या मंडळींनीं तें विसरतां कामा नये.