चाळणीत गळालेलं रान

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज नकाशाबद्दल बोलायचं आहे. तलाठ्याकडच्या नव्हे, उपग्रहावरून काढलेल्या पिकाच्या नकाशाबद्दल. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीत पिकाची हिरवळ उपग्रहावरून पाहायची तरतूद आहे. २०२३ पासून पीक विम्यातही काही पिकांचं उत्पन्न ठरवताना उपग्रहाचा आधार घेतला जाऊ लागला. तेव्हा हा नकाशा कसा तयार होतो, हे आपल्याला कळलंच पाहिजे.

हा नकाशा रेघांचा नसतो, चौकटींचा असतो, गोधडीसारखा. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ साली सोडला. त्याची बारीकात बारीक चौकट दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. सातबाऱ्यावर हेक्टरच्या पुढे जो 'आर' लिहितात, तेवढीच ती. एकरात अशा चाळीस चौकटी. प्रत्येक चौकट पाहून संगणक ठरवतो : ही कपाशी, ही ज्वारी, हे पडीक.

यात चुका होतात. बांधावरची बाभूळ, मधली तुरीची ओळ, ढगाची सावली, यांनी कपाशीत भलताच ठिपका उठतो. पावसाळ्यात ढगाआडचं दिसत नाही म्हणून रडारचं चित्र घेतात. ते तर मुळातच ठिपक्याठिपक्यांचं. मग नकाशा साफ करतात. त्याच्या दोन रीती. एक बहुमताची : चौकटीने भोवतालच्या आठ शेजाऱ्यांकडे पाहायचं आणि नऊजणांत ज्याची संख्या जास्त, त्याचं पीक आपलं म्हणायचं. दुसरी चाळणीची : ठरलेल्या आकाराहून लहान ठिगळ काढायचं आणि शेजारच्या मोठ्या ठिगळात घालायचं.

साफ करणं वाईट नाही. ज्वारी चाळल्याशिवाय कोणी दळत नाही. पण चाळणीचं भोक मोठं झालं, की मातीबरोबर दाणेही खाली जातात.

हिशेब करा. चाळणी ५० चौकटींची लावली. गेवराईकडे कोणाची एक एकर रब्बी ज्वारी आहे, म्हणजे ४० चौकटी, आणि चारी बाजूंनी शेजाऱ्यांची कपाशी. नकाशा साफ झाला आणि ज्वारीची कपाशी झाली! गावात अशी दहा रानं विखुरलेली असली, तर दहा एकर ज्वारी कागदावरून गेली. मोठ्या सलग रानाचं काही बिघडत नाही. गळतं ते लहान रान. यात कोणाचा द्वेष नाही. पण चाळणी केवढी लावायची, हे माणूसच ठरवतो. मग त्याला विचारता येतं.

म्हणून तीन गोष्टी मागायच्या. पाहायला साफ नकाशा चालेल, पण न चाळलेली प्रतही जपून ठेवा. चाळणी किती चौकटींची लावली, ते नकाशावर छापा. आणि लहान रानं प्रत्यक्ष गावात येऊन तपासा.

आपल्याकडूनही एक काम आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. प्रत्येक तुकड्याची, प्रत्येक पिकाची वेगळी नोंद फोटोसह करा. नकाशा चुकला, तर दाखवायला तोच पुरावा.

पुढच्या बैठकीला सातबारा आणि ती नोंद घेऊन या. गावात सव्वा एकराच्या आतले पिकाचे तुकडे किती, याची यादी आपणच करू.